मधल्या मशीनचे मन्मथअप्पा

“फोन आलता, पण नीट ऐकू आलं न्हाई. तुमी एकदा लावून बघा,” असं मन्मथअप्पांनी दारात येऊन सांगितलं की आमच्या गल्लीतल्या बायका रडायला सुरुवात करायच्या.

वाईट बातमी तोंडाने सांगायची अप्पांची छाती नव्हती. अंबाजोगाईत तेव्हा घरोघरी फोन नव्हते. अप्पांच्या एस.टी.डी. बूथचा नंबर अर्ध्या गल्लीने ‘पी.पी.’ म्हणून सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना देऊन ठेवला होता. फोन अप्पांकडे यायचा आणि अप्पा ज्याचा त्याला हाक मारायचे. कुणाचं लग्न जमलं, कुणाला मुलगा झाला, तर ते कोपऱ्यापासूनच ओरडत यायचे. कुणी गेलं असलं, की मात्र दारावरून दोनदा पुढे जायचे, तिसऱ्या खेपेला चप्पल काढून उंबऱ्याशी उभे राहायचे, आणि त्यांना नीट ऐकू आलेलं नसायचं. कान त्यांचे माझ्यापेक्षा तिखट होते.

माझा टायपिंगचा क्लास त्यांच्या दुकानाच्या बरोबर वर. खालून त्यांचा आवाज आणि वरून माझ्या यंत्रांचा खडखडाट, असा आमचा शेजार बरीच वर्षं चालला. उंच, जरा पुढे वाकलेला माणूस, कपाळाला भस्माचे पट्टे, अंगात पांढरा सदरा. घाबरले की सदऱ्यावरूनच गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरायचे. दिवसातून इतक्यांदा धरायचे, की सदऱ्याला तेवढ्याच जागी चुण्या पडलेल्या असत. घरची अडत होती मोंढ्यात, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारात, पण लिलावात कुणी मोठ्याने बोली लावली की अप्पा दचकायचे. म्हणून थोरल्या भावाने त्यांना बूथ काढून दिला आणि स्वतःची सुटका करून घेतली.

आभाळ भरून आलं की ते फोनची वायर काढून लाकडी स्टुलावर पाय वर घेऊन बसत. पाल, पोलीस, वीज, टेलिफोनचं बिल, रस्ता ओलांडणारी कुणाचीही पोरं, ह्या सगळ्यांची त्यांना भीती. पहिल्या चारांवरून मी त्यांची मनसोक्त थट्टा केली. पाचवीवरून कधी केली नाही. स्वतःसाठी भिणाऱ्याला हसता येतं. जो दुसऱ्यासाठी भितो त्याच्याकडे बघून आपलाही जीव थोडा खाली-वर होतो.

बिलाच्या भीतीतून त्यांनी एक पद्धत पाडली होती. सकाळी माजलगावच्या मोंढ्यात एकदाच फोन करायचा, कापसाचा भाव विचारायचा आणि दिवसभर जो येईल त्याला तोच सांगायचा. “आत्ता लावून बघा की अप्पा,” असं कुणी म्हटलं तर, “कावून? सकाळीच इचारलंय. तेच असंल.” बहुतेक वेळा तेच असायचं. एकदा दुपारून भाव पडला आणि सकाळच्या भावावर गाडी भरून गेलेला एक माणूस परत येऊन दुकानासमोर तासभर शिव्या देत उभा राहिला. अप्पा काउंटरमागे खाली बसून राहिले होते. मीच त्याला वर नेऊन चहा पाजला.

मग इंटरनेट आलं. वैद्यकीय कॉलेजची पोरं विचारायला लागली, आणि भावाने पुन्हा एकदा उदार होऊन अप्पांना सहा कॉम्प्युटर घेऊन दिले. बूथचा फोन वेगळा ठेवला, तर इंटरनेटला लाइन मात्र एकच. सहा मशीनला एक फोन कसा पुरायचा, ह्या चिंतेने अप्पांनी दोन दिवस जेवण टाकलं. लातूरहून मशीन जोडायला आलेल्या पोराने सातवं एक जुनं मशीन कोपऱ्यात मांडलं आणि सगळ्यांच्या वायरी त्यात नेऊन खोचल्या.

“अप्पा, ह्याला प्रॉक्सी सर्व्हर म्हणत्यात. ही सहा मशिनी बाहेर जातच न्हाईत. ती ह्याला सांगत्यात, आमाला अमकं पान पायजे. ह्यो एकटा बाहेर जातो, पान आणतो अन्‌ ज्यानं मागितलं त्याला देतो. बाहेरच्याला वाटतं, ह्योच एकटा मागायला लागलाय.”

अप्पांनी बराच वेळ त्या मशीनकडे बघितलं. “म्हंजी ह्यो पी.पी. नंबर हाय.”

“अगदी तसंच.”

“अन्‌ कुणी काई वंगाळ केलं तर?”

“बाहेर पत्ता तुमचाच दिसणार की.”

अप्पांचा हात सदऱ्याकडे गेला. पोराने त्यांना धीर द्यावा म्हणून मशीनचे बाकीचे गुण सांगितले. एकदा आणलेलं पान हा जवळ ठेवून घेतो. दुसऱ्याने तेच मागितलं तर बाहेर न जाता जवळचंच काढून देतो. लाइन मोकळी राहते, बिल वाचतं. किती वेळ जुनं पान चालवायचं ते आपण ठरवायचं. अप्पांना हे फार पटलं. माजलगावचा भाव ते असाच चालवत आले होते. “संध्याकाळपस्तोर ठिव,” ते म्हणाले. पोरगा म्हणाला, इतका वेळ कुणी ठेवत नाही, काही पानं तासाभरात बदलतात. अप्पा म्हणाले, “बदलू दे. सकाळचं काय वाईट असतंय व्हय?” पोराने तसं बसवून दिलं. अप्पा त्या यंत्राला ‘मधला’ म्हणायला लागले, रोज त्याला उदबत्ती ओवाळायचे.

वाईट पानं अडवायचीही सोय मधल्यात होती, फक्त कोणते शब्द अडवायचे ते आधी टाइप करून द्यावे लागत. अप्पा एका संध्याकाळी माझ्याकडे वर आले. त्यांच्याच्याने ते शब्द टाइप होईनात. “सर, तुमी टायपिंगचे मास्तर. तुमाला शब्दाचं काय?” उभ्या आयुष्यात मी अर्ज, दाखले आणि करारनामे टाइप केले होते. मी खाली बसून ते शब्द मारत होतो आणि अप्पा भिंतीकडे तोंड करून ‘झालं का, झालं का’ विचारत होते. दुसऱ्या दिवसापासून मेडिकलच्या पोरांना शरीरशास्त्राचं एकही पान उघडेना. एक मुलगी चिडून म्हणाली, अप्पा, माझी उद्या परीक्षा आहे आणि तुमचं मशीन मला माणसाच्या अंगातलं निम्मं काही बघूच देत नाही. तेव्हापासून अप्पांनी ती सोय बंद केली आणि स्वतःच पोरांच्या पाठीमागून फेऱ्या घालायला सुरुवात केली.

तर असे अप्पा. आता अनिताचं सांगतो. खरं म्हणजे ते सांगायलाच बसलो आहे आणि मघापासून टाळतो आहे.

अनिता ही बिरूतात्यांची मुलगी. तात्या मेंढपाळ. वर्षाचा बराचसा काळ मेंढरांमागे. कधी धारूरच्या डोंगरात, कधी माजलगावच्या धरणाखाली उसाच्या पट्ट्यात. पोरगी मावशीकडे आमच्या गल्लीत राहून शिकत होती. जिथे बूथ दिसेल तिथून तात्या अप्पांना फोन लावायचे, अप्पा हाक मारायचे, आणि अनिता धापा टाकत येऊन आधी विचारायची, “बा, काळी व्याली का?” माणसांची चौकशी त्यानंतर.

तिची बारावी होती. पास झाली तर बीडला नर्सिंगला घालायची, नापास झाली तर तुळशीचं लग्न लागलं की तिचंही लावायचं, असं घरात ठरलेलं. मुलगा नात्यातलाच, चार चांगल्यांसारखा चांगला. फक्त तिला ते करायचं नव्हतं. परीक्षा झाल्यावर एकदा बूथमधून बाहेर पडताना ती अप्पांना सहज म्हणून गेली, “नापास झाले तर मी काई घरी जायची न्हाई.”

अप्पा जिना चढून माझ्याकडे आले. “सर, घरी जायची न्हाई म्हंजी कुटं जायची?”

“पोरं बोलतात अप्पा,” मी म्हणालो.

“बोलत्यात खरं,” ते म्हणाले, आणि तसेच जिन्यात बसून राहिले. त्यानंतर निकाल लागेपर्यंत त्यांनी मला तोच प्रश्न किती वेळा विचारला त्याला गणती नाही.

निकाल अकरा वाजता इंटरनेटवर दिसणार होता. त्या दिवशी अप्पांनी सकाळी उजाडताच दुकान उघडलं. मी दूध आणायला निघालो होतो तर ते शटर अर्धं वर करून आत मशीनपुढे बसलेले. अनिताचा परीक्षेचा नंबर त्यांना पाठ होता. कुणी यायच्या आत आपण एकट्याने बघून ठेवावं, वाईट असलं तर तेवढा वेळ हाताशी राहील, असा त्यांचा हिशोब. नंबर टाकला. ‘या क्रमांकाची नोंद आढळली नाही.’

“अजून लागला न्हाई,” ते मला म्हणाले. “अकराला लागंल.” त्यांनी मधल्याला उदबत्ती लावली आणि आम्ही दोघांनी उभ्याउभ्या चहा घेतला.

अकराला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या क्लासची पोरंही यंत्रं सोडून खाली पळाली, मग मीही उतरलो. एकेक पान यायला इतका वेळ लागत होता, की पोरं तोवर देवाची नावं घेऊन थकून जायची. वरून हळूहळू एकेक ओळ उतरायची. कुणी हसत होतं, कुणी एकमेकांच्या पाठीवर मारत होतं. अप्पा बूथच्या काचेआड होते. गावोगावचे फोन तेव्हाच यायला लागले होते, आणि ते एकेकाला ओरडून मार्क सांगत होते. पास झालेल्यांचेच.

अनिता कधी आली, भिंतीकडच्या मशीनवर कधी बसली, त्यांच्या लक्षात आलं नाही. मी बघितली ती उठताना. तिने ओढणीचं टोक दातात धरलं होतं आणि गर्दीतून वाट काढत ती बाहेर चालली होती. मला वाटलं, निकाल सांगायला घरी निघाली.

फोन जरा थांबले तेव्हा अप्पांनी काचेतून डोकं बाहेर काढलं. “अनिता आली न्हाई का रे अजून?”

“येऊन गेली की,” शेजारच्या मशीनवरचा पोरगा म्हणाला. “दोन-दोन मशिनीवर टाकून बघितलं. नोंदच न्हाई म्हणतंय. नापासाचं नाव देत न्हाईत वाटतं.”

अप्पांचा चेहरा उतरला. मग एकदम ते म्हणाले, “पान कसं आलं?”

“कसं म्हंजी?”

“लवकर आलं का उशिरा आलं?”

“लई लवकर. आमचं तिकडं रेंगाळतंय, तिचं टाकल्या टाकल्या आलं.”

अप्पा बूथमधून बाहेर आले. माणूस पडताना कुठे धरावं म्हणून हात पुढे करतो, तसे त्यांचे दोन्ही हात पुढे होते. त्यांच्या ध्यानात आलं होतं ते माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. ते पान बाहेरून आलंच नव्हतं. सकाळी अप्पांनी मागवलेलं पान मधल्याने जपून ठेवलं होतं, संध्याकाळपर्यंत ठेवायला सांगितलं होतं तसं, आणि पोरीने नंबर टाकताच तेच तिच्या हातात दिलं होतं. बाकीच्या पोरांचे नंबर सकाळी कुणी विचारले नव्हते. त्यांचं सगळं ठीक होतं.

अप्पांनी मधल्यात साठलेलं सगळं पुसलं. पुन्हा नंबर टाकला. पान हळूहळू उतरायला लागलं. आधी नाव आलं, मग आईचं नाव, मग विषय. सगळ्यात शेवटी खाली ‘उत्तीर्ण’. दुकानात कुणीतरी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी मान वर केली आणि मला विचारलं, “सर, ती कुटं गेली?”

ती मावशीकडे आलेली नव्हती. मैत्रिणीकडे नव्हती. कॉलेजात नव्हती. अप्पा गल्लीच्या एका टोकाला पळाले, मी दुसऱ्या. मावशी दारात उभी राहून नुसतं “अगं बाई, अगं बाई” करत होती. सगळ्यांचे पाय एकाच दिशेला वळत होते. गावामागे जुनी बारव आहे. मी तिकडे गेलो. पायऱ्या उतरायचं धैर्य मला झालं नाही. वरूनच दगडाला धरून वाकलो. हिरव्या पाण्यावर पिंपळाची पानं होती. मी ते पाणी किती वेळ बघत राहिलो मला सांगता येणार नाही. अप्पांना आयुष्यभर भित्रा म्हणणारा मी, त्या दिवशी तो दगड सोडायलाही तयार नव्हतो.

परत आलो तेव्हा अप्पा बूथमध्ये होते आणि फोन वाजत होता. वाजतच होता. माजलगावकडचा नंबर दिसत होता. तात्या दुपारी फोन करणार, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

आता अप्पा काय म्हणणार, ते मला ठाऊक होतं. नीट ऐकू येईना, परत लावा. मला वाटलं, म्हणू दे. थोडा वेळ तरी मिळेल.

अप्पांनी रिसीव्हर उचलला. “तात्या, मन्मथ बोलतोय. पोरगी पास हाय. पण माझ्या मशिनीनं तिला चुकीचं पान दाखीवलं. चूक माझी हाय. तिला वाटलं नापास झाले, अन्‌ ती निघून गेली. अजून सापडंना. आमी हुडकायलोत.”

मग तात्यांचा आवाज आला. फोनच्या बाहेर मलाही ऐकू येईल इतका तो मोठा होता, कारण मेंढरांना हाका मारणारा माणूस हळू बोलू शकत नाही. “अप्पा, खरं सांगा. तुमाला नीट ऐकू आलं न्हाई, असं म्हणायलात का?”

तात्यांनाही आमच्या गल्लीची रीत माहीत होती.

“न्हाई तात्या,” अप्पा म्हणाले. त्यांनी लिंग मुठीत धरलं होतं. “तसलं काई म्हणत न्हाई. तुमी त्या बूथवरून हलू नका. मी लावतो.”

रिसीव्हर ठेवतात तोच मावशीचा शेजारी सांगत आला, की स्टँडवरच्या पेरूवालीने अनिताला बीडच्या गाडीत चढताना बघितलं. गाडी जाऊन बराच वेळ झाला होता.

मग मी अप्पांना जे करताना बघितलं ते त्याआधी कधी बघितलं नव्हतं. बिलाच्या भीतीने माजलगावला दिवसातून एकच फोन करणारा माणूस, बीडच्या रस्त्यावरच्या एकेका बूथला फोन लावत सुटला. केजला लावला, नेकनूरला लावला. सगळे बूथवाले त्यांना आवाजाने ओळखत होते; इतकी वर्षं एकमेकांच्या गावचे निरोप पोचवत आले होते. केजला गाडी येऊन गेली होती, पोरगी उतरली नव्हती. नेकनूरलाही नाही. मग मांजरसुंब्याच्या ढाब्यावर लावला. तिथल्या बूथवर हमीदभाई बसायचे. दोघांनी एकमेकांना कधी बघितलेलं नव्हतं.

“हां अप्पा, एक बच्ची उतरी थी,” हमीदभाई म्हणाले. “कपिलधार कू किदर से जाते, पूछी. अभी निकली पैदल.”

कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे. अप्पांचं नाव त्यांच्यावरूनच ठेवलेलं. आणि तिथे डोंगरातून खाली पडणारं पाणी आहे, खाली कुंड आहे. अप्पा स्टुलावर बसले.

“पळा हमीदभाई,” ते म्हणाले. “तिला धरा. पास झाली म्हणावं. फोन तसाच ठिवा, मी हाय इथंच.”

तिकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. आम्ही ऐकत राहिलो. ट्रक थांबत होते, निघत होते. कुणीतरी तडका मारत होतं. एक माणूस दोन चहा सांगून गेला. मीटरवरचे लाल आकडे पळत होते आणि अप्पा त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हते. बाहेर आभाळ भरून आलं, वीज चमकली. मी वायरीकडे बघितलं. अप्पांनी रिसीव्हर कानाला आणखी घट्ट लावला आणि पाय जमिनीवरच ठेवले.

मग तिकडे धापा टाकल्याचा आवाज आला. “लो बेटी, बात करो.”

“अनिता,” अप्पा म्हणाले. “पास हायेस तू. पान सकाळचं होतं. शिळं पान दिलं तुला माझ्या मशिनीनं.”

“खोटं बोलू नका अप्पा.” आवाज अगदी बारीक होता. “तुमी कुणालाच वंगाळ सांगत न्हाई. सगळ्यास्नी ठावं हाय.”

बरोबरच होतं तिचं. आयुष्यभर लोकांना वाईट सांगायचं टाळलं, आता चांगलं सांगितलं तर कोण खरं मानणार? त्यांनी माझ्याकडे बघितलं. “सर, पान वाचा. जसं हाय तसं.”

मी निकालाचं पान उघडं असलेल्या मशीनपुढे बसून मोठ्याने वाचायला लागलो आणि अप्पा तेच फोनवर सांगायला लागले. इंग्रजी बावन्न. मराठी अडुसष्ट. जीवशास्त्र एकसष्ट. भौतिक चव्वेचाळीस.

“रसायन,” मी म्हणालो, आणि थांबलो. मग म्हणालो, “अडतीस.”

अप्पाही थांबले. आता हा माणूस त्यात दहा मार्क घालणार, अशी मला धास्ती पडली. घातले असते तर मी त्यांना दोष दिला नसता.

“रसायन अडतीस,” अप्पा म्हणाले.

“अडतीसच?”

“अडतीसच.”

पलीकडे ती रडायला लागली. असं मोकळं रडणं मी फोनवर पहिल्यांदा ऐकलं. खोटं बोलणाऱ्याने अडतीस कशाला सांगितले असते! हमीदभाई फोनवर आले आणि म्हणाले, “रोने दो अप्पा. मैं बैठा हूं इसके पास.” अप्पांनी “बरं” म्हटलं, दुसऱ्या हाताने माजलगावचा नंबर फिरवायला गेले, आणि एकाच फोनवर दोन ठिकाणी बोलता येत नाही हे त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

लाइन मोकळी झाल्यावर अप्पांनी तात्यांना कळवलं. हमीदभाईंनी तिला परतीच्या गाडीत कंडक्टरच्या शेजारी बसवून दिलं. आम्ही दोघं स्टँडवर गेलो. ती उतरली तेव्हा अप्पा इतके घाबरलेले दिसत होते, की तीच म्हणाली, “चला अप्पा, घरी चला.” कपिलधारला कशाला निघाली होती, हे तिला कुणीही विचारलं नाही. देवाला गेलती, असं मावशीने गल्लीत सांगितलं आणि गल्लीने ते मान्य केलं.

ती बीडला नर्सिंगला गेली. अप्पांनी मधल्याला जुनं काही जवळ ठेवायचं नाही अशी ताकीद देऊन ठेवली, म्हणजे लातूरच्या पोराकडून तसं करून घेतलं. बिल वाढलं, भाऊ ओरडला. माजलगावचा कापसाचाही भाव ते जो येईल त्याच्यासाठी नव्याने विचारू लागले. पण पानावरचा त्यांचा विश्वास गेला तो गेलाच. रोज सकाळी उदबत्ती लावायच्या आधी ते अनिताचा नंबर टाकून निकालाचं पान मागवायचे. पान हळूहळू उतरायचं, ‘उत्तीर्ण’ दिसायचं, मग पूजा. मी म्हणायचो, “अप्पा, एकदा पास झालेली पोरगी रोज थोडीच नापास होणार?” ते म्हणायचे, “बघायला काय जातंय सर.”

पुढच्या उन्हाळ्यात माझा क्लास मोडला. टायपिंगला कुणी येईना. सगळी पोरं खाली अप्पांकडेच. यंत्रं भंगारात घातली आणि मुलाकडे पुण्याला जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी रिक्षात सामान ठेवून अप्पांचा निरोप घ्यायला आत गेलो. ते मशीनपुढे बसले होते. उदबत्ती अजून लावलेली नव्हती.

पान उतरलं होतं. ‘या क्रमांकाची नोंद आढळली नाही.’

“अप्पा,” मी म्हणालो, “नवे निकाल चारआठ दिवसांवर आले. जुने काढून टाकले असतील.”

“कळतंय वो सर,” ते म्हणाले. त्यांच्या ओठाला रंग नव्हता. “उशिरा आलं पान. ताजंच हाय.”

ते उठून बूथमध्ये गेले आणि बीडचा नंबर फिरवला. होस्टेलच्या बाईंनी उचलला. अप्पांनी अनिताचं नाव सांगितलं आणि वाट बघत उभे राहिले. तिकडे कुणीतरी कुणालातरी हाक मारायला सांगितलं, ती हाक जिन्याने वर गेली असावी, कुठल्या कुठल्या खोल्यांतून फिरली असावी. फार वेळ लागला. बाहेर रिक्षावाला दोनदा हॉर्न वाजवून थांबला. अप्पांची मूठ सदऱ्यावर होती. ते माझ्याकडे बघत होते, पण मी त्यांना दिसत नव्हतो.

मग पलीकडे पावलांचा आवाज आला, पळत येणाऱ्या पावलांचा.

“हॅलो? अप्पा? काय झालं?”

अप्पांनी डोळे मिटले. “काई न्हाई बाई,” ते म्हणाले. “नीट ऐकू आलं.”